कॅसेट प्रोजेक्ट, भाग ३ : 'भूप: नॉट फाउंड'

तर अपडेट असा की ३८ पैकी ११ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. मागच्या वेळी ४ होत्या, म्हणजे पुढे सरकलोय, पण मधले तीन दिवस निव्वळ माझ्या मूर्खपणात गेले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या कॅसेटी सापडल्या, बहुतेक घरगुती बैठकींच्या. डेकचा बेल्ट वितळून डांबर झाला होता, तो मांडवीजवळच्या एका रिपेअरवाल्या भाईने बदलून दिला. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, वॅव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, म्हणजे एक बाजू पावणेपाचशे एमबीच्या आसपास. म्हणून सगळं फ्लॅकमध्ये न्यायचं, त्यात आवाज न बिघडता फाइल लहान होते. ते काम एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम करतो, मी फक्त पायथन भाषेत लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमधून त्याला हाक मारतो. आणि सगळा घोळ त्या हाकेतच झाला.

फाइलींना नावं मी आजोबांच्या लेबलावरचीच दिली, जशीच्या तशी. आजोबांना अर्धविरामाची भारी हौस. 'कॅसेट ७; भूप विलंबित'. मी ते नाव सरळ पायथनच्या ओएस डॉट सिस्टिम या फंक्शनच्या कमांडमध्ये चिकटवलं आणि चहा ठेवायला गेलो. आता ओएस डॉट सिस्टिम अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हातात देतो, आणि शेलला स्पेस दिसली की शब्द संपला, अर्धविराम दिसला की कमांड संपली. त्याने आधी एफएफएमपेगला 'कॅसेट' नावाची फाइल उघडायला लावली, ती नव्हतीच, मग गडी पुढे जाऊन 'भूप' नावाची कमांड शोधायला लागला. परत येऊन बघतो तर स्क्रीनवर 'भूप: नॉट फाउंड', आणि तेही दोनदा, कारण इनपुट आणि आउटपुट दोन्ही नावांत भूप. आईला दाखवलं तर म्हणे, बरोबरे, तुमच्या पिढीला कुठून सापडायचा.

हसलो खरा, पण भूपच्या जागी आरएम, म्हणजे फाइली उडवणारी कमांड, असतं तर?

शिवाय परत आलेला आकडा ३२५१२. मी हा कुठला एरर नंबर म्हणून एक संध्याकाळ शोधत बसलो. तो म्हणजे १२७ गुणिले २५६. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, आणि लिनक्सवर ओएस डॉट सिस्टिम एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) वरच्या बाइटमध्ये ढकलून देतो, म्हणजे २५६ ने गुणतो. एवढंच.

मग नावाभोवती डबल कोट लावले, तर १२ नंबरच्या लेबलावर आजोबांनी स्वतःच कोट घातलेले, बुवांची "खास" भैरवी. हात टेकले आणि पायथनच्याच सबप्रोसेस डॉट रन या दुसऱ्या फंक्शनवर आलो. प्रत्येक शब्द लिस्टमध्ये वेगळा द्यायचा, शेल इक्वल्स ट्रू लावायचं नाही, म्हणजे मध्ये शेलच येत नाही. अर्धविराम, कोट, स्पेस, काय हवं ते असू दे, नाव अखंड पोचतं. चेक इक्वल्स ट्रू पण लावा, नाहीतर कमांड फसली तरी स्क्रिप्ट खुशाल पुढच्या फाइलवर जाते.

आता ते तीन दिवस. दुसऱ्यांदा चालवली की स्क्रिप्ट पहिल्याच फाइलवर थांबायची, एरर नाही काही नाही, नुसती बसून. मी तुम्हा सगळ्यांना लिहिलं, 'पायथन हँग होतंय, टाइमआउट कसा लावू, अर्जंट', सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, आणि उत्तर यायच्या आत तेच आपल्या काकांना फोनवर पण विचारलं. इकडे ताई बिचारी त्या फोटोतली ओळ डोळे ताणून टाइप करत बसलेली, तिकडे काका तेच शोधत होते. ताई चिडली आणि चिडायलाच हवं होतं.

काकांनी एकच विचारलं, "टाइमआउट कशाला हवाय तुला? तीच कमांड आधी हाताने चालव बघू." चालवली. एफएफएमपेगने विचारलं, फाइल आधीपासून आहे, ओव्हरराइट करू का? वाय की एन? स्क्रिप्टमध्येही तो हेच विचारत होता, पण मी कॅप्चर आउटपुट लावून त्याचं तोंड दाबलेलं, त्यामुळे प्रश्न मला दिसत नव्हता आणि तो बापडा उत्तराची वाट बघत होता. टाइमआउट लावला असता तर दर फाइलला त्याला मारून टाकलं असतं आणि मी खूश झालो असतो.

इलाज : नोएसटीडीइन हा ऑप्शन दिला म्हणजे तो विचारत बसत नाही, आणि फ्लॅक आधीच असेल तर ती फाइल पायथनमध्येच वगळतो. त्या दिवशी मी 'झालं, जमलं, थँक्स' एवढंच लिहून गायब झालो होतो, म्हणून आज हे सविस्तर. ताई, सॉरी. यापुढे एरर टेक्स्टमध्येच पाठवीन आणि एका वेळी एकाच ठिकाणी विचारीन.

पुढची कॅसेट १९. तिच्यावर आजोबांनी नुसतं '-अपूर्ण' लिहिलंय, डॅशपासून सुरू, त्यामुळे आउटपुटचं नाव एफएफएमपेगला ऑप्शन वाटतंय. पुढे डॉट स्लॅश लावून बघतो आज रात्री. आणि डेकचं हेड पुसायला कोणाकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर रविवारी घेऊन या, लीलो चिवडा माझ्याकडून.