बाण दिसतो, पण पक्षी उलटा गेलेला असतो

आज मुलांसोबत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकाराचं प्राण्यांचं चित्रपुस्तक वाचायला घेतलं. अशी पुस्तकं मजकुरापासून नाही, जमिनीपासून वाचायची. मध्य वाळवंटातल्या चित्रशैलीत आपण वरून खाली, वाळूकडे बघत असतो. प्राणी बरेचदा दिसतच नाही, दिसतो त्याचा माग.

एमूचा ठसा म्हणजे एका टोकाला जुळलेल्या तीन रेघा. मुलं त्याला बाण समजतात आणि टोकाच्या दिशेला बोट दाखवतात. हमखास चूक! फाकलेल्या रेघा ही बोटं, आणि बोटं पुढे असतात. म्हणजे एमू बाणाच्या उलट गेला. कांगारूच्या दोन लांब पावलांमध्ये शेपटीची रेघ असेल, तर तो सावकाश चरत गेलाय. उड्या मारताना शेपटी जमिनीला टेकत नाही. इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे मांडी घालून बसलेलं माणूस. एकात एक वर्तुळं पाणवठा असू शकतात किंवा मुक्कामाची जागा, म्हणून आधी चित्रकाराचा समाज आणि प्रदेश पाहा. ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या २५० हून जास्त भाषा होत्या. सगळ्यांची एकच खूण कशी असेल?

एक कळकळीची विनंती. वाचून झाल्यावर मुलांना 'या शैलीतलं ठिपक्यांचं चित्र काढा' सांगू नका. १९७१ पासून पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वस्तीत ही चित्रं बोर्डावर उतरली, पण त्यातल्या कथा आणि नक्षी ठरावीक कुटुंबांच्या हक्काच्या आहेत. त्यापेक्षा ताटात ओली वाळू पसरा, बोटभर जाड, आणि अंगणातल्या कावळ्याचा, मांजराचा ठसा त्यात उमटवायला लावा. वाळू कोरडी राहिली तर ठसा ढासळतो.