कोलोसियमचा मांडव

मे महिन्यात दुपारी दोनला सोलापूरच्या पार्क स्टेडियमच्या उघड्या पायऱ्यांवर बसलेल्याला कोलोसियमविषयी, म्हणजे रोममधल्या प्राचीन खेळांच्या प्रेक्षागृहाविषयी, पहिला प्रश्न सिंहांचा पडत नाही, सावलीचा पडतो. तर सावली होती. लॅटिनमध्ये तिला 'वेला' म्हणत, म्हणजे शिडं. पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंतींवर रंगवलेल्या खेळांच्या जाहिरातींत 'वेला एरुन्त', म्हणजे 'शिडं लावली जातील', असं मुद्दाम लिहीत. गर्दी खेचायला तेवढं पुरत असावं.

इमारतीचा इतिहास थोडक्यात असा: सम्राट नीरोच्या महालातलं तळं बुजवून त्या जागी पुढचा सम्राट वेस्पासियन याने काम काढलं, आणि इ. स. ८० मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने, १०० दिवसांचे खेळ लावून उद्घाटन केलं. लांबी १८८ मीटर, रुंदी १५६, उंची सुमारे ४८. मधलं रिंगण ८३ बाय ४८. दक्षिणेकडची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात ढासळली. पूर्ण उंचीची भिंत आता उत्तरेकडेच दिसते.

मांडवाचा पुरावा त्याच भिंतीवर, अगदी वरच्या मजल्यावर आहे. तिथे कमानी नाहीत. दर गाळ्यात, म्हणजे भिंतीच्या दोन उभ्या पट्ट्यांमधल्या भागात, तीन दगडी ठोकळे भिंतीबाहेर आलेले दिसतात, आणि प्रत्येकाच्या बरोबर वर, माथ्याच्या छज्ज्यात, आरपार भोक. डोलकाठी वरून भोकात सोडायची, बुंधा ठोकळ्यावर टेकवायचा. ठोकळा वजन घेतो, भोक काठीला कलू देत नाही. खिळा नाही, चुना नाही. गाळे ८०, म्हणजे काठ्या २४०.

आता कापडाच्या गावाला शोभेलसा हिशोब. रिंगणावर मांडव नसे, म्हणून पूर्ण लंबवर्तुळातून रिंगण वजा केलं की साधारण २० हजार चौरस मीटर उरतात. ६० बाय ९० इंची चादरीच्या मापात साडेपाच हजारांहून जास्त चादरी. कापड चौरस मीटरला अर्धा किलो धरलं तर १० टन. काठीमागे जेमतेम ४० किलो, म्हणून हलकं वाटतं. पण गोम वजनात नाही, ताणात आहे. समोरासमोरच्या दोन काठ्यांमध्ये दोर बांधला आणि मध्ये अंतराच्या एक दशांश झोळ ठेवला, तर आडवी ओढ एकूण वजनाच्या सव्वापट होते. झोळ निम्मा केला की अडीचपट. मांडव सपाट दिसावा म्हणून दोर कसत गेलं तर आधी काठी वाकणार. वर पाऊस आला की तागाचे-अंबाडीचे दोर भिजून आखडतात आणि ताण आपोआप वाढतो, म्हणून ते वेळेवर सैल सोडावे लागतात. एक बाजू सोडली आणि दुसरी राहिली, की सगळा मांडव तिकडे ओढला जातो.

हे सांभाळायला रोजंदारीचे मजूर चालत नसत. मिसेनम या रोमन नौदलाच्या बंदरातल्या आरमाराचे खलाशी या कामाला लावलेले असत. त्यांची छावणी कोलोसियमच्या जवळच होती. शिड कधी आवळायचं आणि कधी सोडायचं हे ज्याच्या हाताला कळतं, त्याचंच ते काम.

खरा शत्रू वारा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ६ किलोचा दाब देतो, म्हणजे कापडाच्या वजनाच्या बारापट. वेग ५० झाला की दाब जवळपास दुप्पट. तेव्हा एकच उपाय, गुंडाळा. रोममधल्या, पाँपे या सेनापतीने बांधलेल्या नाट्यगृहात वारा मांडव लावू देत नाही, तेव्हा टोपी घालून या, असं कवी मार्शल सांगतो. सम्राट कॅलिगुला मात्र वारा नसतानाही भर उन्हात मांडव काढायला लावी आणि कुणाला बाहेर जाऊ देत नसे, असं चरित्रकार सुएटोनियसने लिहिलंय. तो जुना प्रकार, कोलोसियमच्या आधीचा.

मांडवात मधोमध, रिंगणावर, भोक उघडं ठेवत, आणि ते नेमकं कुठे असावं यातही खोच आहे. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. इथे भोक रिंगणाच्या बरोबर वर चाललं असतं. रोममध्ये जूनच्या मध्यान्हीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ७१ अंशांवर. ४८ मीटर उंचीवरून येणारा उन्हाचा तुकडा जमिनीवर सुमारे १६ मीटर उत्तरेला पडतो. म्हणजे भोक दक्षिणेला सरकवलं नाही, तर उत्तरेच्या खालच्या रांगा भाजणार, आणि त्या रांगा सिनेटरांच्या.