आता ती वाचवतात का?

घरी आलेल्या माणसाची नजर कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सवर गेली की प्रश्न ठरलेला. "एक्स-मेन? अजून? आता वाचवतात का हो ती?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. त्यांना खरं तर हे हवं असतं की आपण ऐंशीच्या दशकातले ते अंक पुन्हा उघडले तर लहानपण नासणार नाही ना. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, थोडं नासेल.

पहिला त्रास शब्दांचा. क्रिस क्लेअरमाँटने ही मालिका १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षं लिहिली. या गृहस्थाचा चित्रकारावर भरवसा नव्हता की शब्दांवर जीव होता, देव जाणे. हातातून पाती काढणारा वुल्व्हरिन भिंत फोडून आत आलेला चित्रात दिसतोय, वरच्या चौकोनात तेच लिहिलंय आणि शेजारचा माणूस फुग्यातून पुन्हा तेच सांगतोय. टॉम ऑर्झेकॉव्स्कीचं लेटरिंग, म्हणजे चौकोनांतलं आणि फुग्यांतलं अक्षर, इतकं नेटकं होतं म्हणून निभावलं. शाळेत असताना मी यातला शब्द न् शब्द चाटूनपुसून वाचायचो. आता डोळे घसरतात.

तेव्हा अंक मिळायचे ते फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात. क्रमाचं नाव नको. त्यामुळे मला एक्स-मेनमधली जीन ग्रे भेटली तीच मुळी परत आलेली, आणि तिच्या मरणाचा अंक, १३७वा, दीड वर्षाने हाती लागला. लोकांना 'मेलेली परत कशी आली' हा प्रश्न पडला असेल. मला पडला तो 'अरे, ही मेली कधी?'

सगळं ओळीने वाचल्यावर तो सप्टेंबर १९८०चा अंक वेगळाच लागतो. त्याआधी जीनने एक तारा गिळलाय आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मेलेत. मूळ बेत असा होता की तिची शक्ती काढून घेऊन तिला घरी पाठवायचं. चित्रकार जॉन बर्नने तशी पानंही काढली होती. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला. एवढे जीव घेऊन ही घरी कशी जाते? शेवट बदलला, आणि जीन चंद्रावर तिच्या प्रियकराच्या, स्कॉटच्या, डोळ्यांदेखत मरते. मला शूटरचं पटतं. म्हणूनच १९८६ साली तिला पाण्याच्या तळाशी एका कोषात जिवंत सापडवलं, त्याचा राग तेव्हापेक्षा आता जास्त येतो. स्कॉट तर एका फोनवर अलास्कातली बायको मॅडलिन आणि तान्हं मूल टाकून निघतो. चौदाव्या वर्षी मला ते फार रोमँटिक वाटलं होतं. आज मी पूर्णपणे मॅडलिनच्या बाजूचा आहे.

मग वाचवतं काय? तर ज्या अंकांत जग वाचवायचं नसतं, ते. अंक १८३, जुलै १९८४. पीटर, म्हणजे अंग पोलादाचं होणारा कोलोसस, त्याच्या मैत्रिणीला, किटीला, सांगतो की दूरच्या एका ग्रहावर माझं दुसरीवर मन बसलं होतं, आणि ती मेलीसुद्धा. किटी जेमतेम चौदाची. (हे प्रकरण आज वाचताना अवघडायला होतं, तुटलं ते बरंच झालं.) वुल्व्हरिन आणि दुसरा सोबती नाइटक्रॉलर पीटरला बारमध्ये नेतात, आणि तिथे साध्या कपड्यांत बसलेला असतो त्यांचा धिप्पाड शत्रू जगरनॉट. हे नाव पुरीच्या जगन्नाथावरून आलंय असं आजीला सांगितलं होतं, तेव्हा तिने चित्राकडे बघून तोंडाला पदर लावला होता. मारामारी जुंपते. नाइटक्रॉलर मदतीला धावणार, तोच वुल्व्हरिन त्याला अडवतो. खाऊ दे मार. पोरीला रडवणाऱ्याला मित्रानेच मार खाऊ दिला, हे मला लहानपणी अजिबात कळलं नव्हतं. वुल्व्हरिन भित्रा निघाला असं वाटलं होतं.

आणि अंक १८६. त्याच्या आधीच्या अंकात रोग (Rogue) नावाच्या सोबतिणीवर रोखलेल्या, शक्ती काढून घेणाऱ्या बंदुकीचा मारा स्टॉर्म स्वतःवर घेते, तिची शक्ती जाते, आणि या अंकात फोर्ज नावाचा माणूस तिला स्वतःच्या घरी ठेवून सांभाळतो. बॅरी विंडसर-स्मिथने काढलेली ती पानं बघा. ढग हलवणारी बाई पलंगावर पडून आहे, बाहेरचं आभाळ तिला जाणवत नाही. बराचसा अंक दोन माणसांच्या बोलण्यावर निघतो. हळूहळू जीव जडतो, आणि मग तिला कळतं की ती बंदूक यानेच बनवली होती.

माझ्या फुटपाथवरच्या प्रतीत शेवटची दोन पानं नव्हती. इतकी वर्षं मी मनाशी धरून होतो की ती माफ करते आणि तिथेच राहते. गेल्या दिवाळीत अख्खी प्रत मिळाली. ती निघून जाते. चालत.