दुसरा अध्याय

संपादकांनी ‘शाळेनं मला काय दिलं’ यावर लिहायला सांगितलं. खरं सांगायचं तर शाळेनं मला पहिल्या दिवशी खराटा दिला.

साल 1972. नगर जिल्ह्यात दुष्काळ. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि मला दोन वेळची भाकरी मिळावी म्हणून तिनं मिशनच्या बोर्डिंगात पाचवीला घातलं. भाकरी मिळाली, पण ती तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची. सकाळी उपासनेआधी तासभर काम असायचं: झाडलोट, टँकरचं पाणी भरणं, संडास धुणं. संडासाची पाळी सगळ्यांवर यायची, पास्टरसाहेबांच्या मुलावरही. हे मला फार चमत्कारिक वाटलं. आमच्या आजोबांनी जन्मभर गावाची येसकरकी केली, म्हणजे वेशीची राखण आणि गावकीची पडतील ती कामं. 1958 च्या कायद्यानं अशी पिढीजात वतनं गेली, तरी कुणी कुठलं काम करायचं हे गावाच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पाळी बदलते, हे मी बोर्डिंगात पहिल्यांदा पाहिलं.

तरी काम म्हणजे शिक्षा, हे माझं मत पक्कं होतं. सुतारकामाच्या तासाला एकदा बोललोही, “सर, आदामाला देवानं शापच दिला ना, निढळाच्या घामानं भाकर खाशील म्हणून?” सरांनी गुण्या खाली ठेवला. “तो शाप उत्पत्तीच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात आहे. दुसरा वाच.” बायबल काढून वाचला. देवानं माणसाला एदेन बागेत ठेवलं ते बागेची मशागत आणि राखण करायला. म्हणजे काम आधी, पाप नंतर. पन्नासेक वर्षांत बरीच प्रवचनं ऐकली, पण कुणी असं दोन वाक्यांत गप्प केलं नाही.

सर कामाला कडक. स्टुलाचा सांधा खालून ढिला राहिला, तर तो कुणाला दिसत नसला तरी उकलून पुन्हा करायला लावायचे. प्रेषित असूनही पौलानं तंबू शिवून पोट भरलं, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

एकच गोष्ट त्यांनाही नीट उलगडून सांगता येईना. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला तो द्राक्षमळ्याचा मालक. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार आणि दिवस मावळता आलेल्यालाही एकच. कुठला हिशोब हा? आमच्या आईचा रोज तर मापावर ठरायचा, जेवढी खडी तेवढे पैसे.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईलाच विचारलं. तिच्या टोळीत एक म्हातारी होती, तिचा ढीग कायम लहान. मुकादम माप घ्यायला यायच्या आत आई आपल्या ढिगातल्या दोन पाट्या तिच्या ढिगावर टाकायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आई म्हणाली, “उशिरा आला म्हून त्याची भूक कमी व्हती का रं?”

सरांना सांगितलं. रंधा मारता मारता ते थांबले. “येत्या रविवारी आईला चर्चमध्ये बोलव. हेच चार लोकांसमोर सांगू दे.”

आई काही आली नाही. तिला सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची, आणि बाजार गुरुवारी.