पिवळी गाडी काळी केली, तेव्हापासून : आमची वाटचाल

बाबांचं गॅरेज शिवडीला. दोन गाड्या लागल्या की तिसरी रस्त्यावर, एवढीच जागा. १९८८ साली त्यांनी डेंटिंग-पेंटिंगचं काम सुरू केलं, तेव्हा दारात उभ्या असायच्या त्या बहुतेक पद्मिनी टॅक्स्या. अंग काळं, टप पिवळा. शाळा सुटली की मी तिथेच. पत्र्याचे खळगे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, सुकली की पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर घेऊन घासायला बसायचं. घासून झालं की बाबा डोळे मिटायला लावायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायला सांगायचे. कुठे खळगा लागला की पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट.

मी धंद्यात पूर्णवेळ उतरलो तोवर टॅक्स्या कमी होत चालल्या होत्या आणि मुंबईत महागड्या स्पोर्ट्स कार दिसायला लागल्या होत्या. आमच्याकडच्या उस्तादांचा हात इतका साफ होता की एकाने दुसऱ्याला सांगून अशा गाड्याही यायला लागल्या. सुरुवातीला बंपरचे ओरखडे, आरशाचं कव्हर, अशी किरकोळ कामं.

२०१२ साली एक गिऱ्हाईक पिवळी पोर्शे घेऊन आले. गाडी सेकंड हँड घेतलेली, पण रंग कंपनीचा. म्हणाले, "सोसायटीत सगळे टॅक्सी म्हणतात हो. काळी करून द्या." मला असं मोठं काम हवंच होतं. पाच आठवडे लागले. बंपर उतरवले, दिवे काढले, काळा असा बसला की त्यात ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसायची. त्या कामात खोट नव्हती, हे मी आजही सांगतो.

दोन वर्षांनी त्यांनी गाडी विकायला काढली आणि मलाही बरोबर बोलावलं. व्यापाऱ्याने खिशातून रंगाची जाडी मोजायचा मीटर काढला. बोनेटवर २८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डाव्या दारावर ३१०. कंपनीतून येणारा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. मग त्याने बोनेट उघडून बिजागरीच्या मागे टॉर्च मारला. आत पिवळा. आरसी काढायला लावली, तिथेही पिवळा. रंग बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, हे मी गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. व्यापारी धरूनच चालला की मोठा अपघात लपवलाय. अपघात झालेलाच नव्हता, पण ते पटवून द्यायला हातात एक कागद नव्हता, एक फोटो नव्हता. किंमत काही लाखांनी खाली आली. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी रंगाच्या मागे लागलो. फेरारीच्या बिल्ल्यामागचा पिवळा हा मोडेना शहराचा रंग आहे, हे मला तेव्हा कळलं. जुन्या शर्यतींत गाडीचा रंग देशावरून ठरायचा: इटलीला लाल, ब्रिटनला हिरवा, फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा आणि पुढे चंदेरी. फेरारीचा रोस्सो कोर्सा, म्हणजे शर्यतीचा लाल, तिथून आला. मॅकलारेनचा पपईसारखा नारिंगी, लॅम्बोर्गिनीचे झगझगीत हिरवे-पिवळे, हे रंग त्या त्या गाडीच्या ओळखीचा भाग आहेत. आपण ज्याला टॅक्सीचा रंग म्हणून पुसून टाकला, तो दुसऱ्या कोणीतरी शोधत फिरत असतो.

आकडेही तेच दाखवतात. अमेरिकेतल्या आयसीकार्स या गाड्यांच्या वेबसाइटने २०२५ साली तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांचा हिशेब मांडला. सगळ्या प्रकारच्या गाड्या धरून पिवळीची किंमत सुमारे २४ टक्के उतरली होती, पांढरीची सुमारे ३२ टक्के. पिवळ्या गाड्या निघतातच थोड्या, आणि ज्यांना हव्यात त्यांना त्याच हव्यात. मात्र मुंबईत स्पोर्ट्स कारचं सेकंड हँड गिऱ्हाईक मोजकं आहे. माझ्या अनुभवात पांढरी, काळी, करडी गाडी लवकर जाते; भडक रंगाच्या गाडीला थांबावं लागतं, पण योग्य माणूस आला की तो घासाघीस कमी करतो. महिन्याभरात विकायचीच असेल तर हा फरक ध्यानात ठेवा. पोर्शेसारख्या कंपन्या जादा पैसे घेऊन यादीबाहेरचा रंगही लावून देतात. अशी गाडी असेल तर त्या रंगाचे मूळ कागद दागिन्यासारखे जपा. नंतर कोणी बाहेर लावलेला तोच रंग आणि कंपनीतून लागून आलेला रंग, यांची किंमत कधीच एक होत नाही.

म्हणून आम्ही नियम केला: कंपनीचा रंग शाबूत असेल तर अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा नाही. हौस असेल तर रॅप करतो, म्हणजे वरून रंगीत फिल्म चिकटवतो; खालचा मूळ रंग तसाच राहतो. पण रॅपलाही आरटीओची परवानगी आणि नोंद आधी, काम मागून. ऑलिव्ह ग्रीन मागणाऱ्यांना परत पाठवतो; तो लष्कराच्या गाड्यांसाठी राखलेला रंग आहे. या नियमापायी बरीच कामं गेली. एका वर्षी पगार द्यायला बायकोची एफडी मोडली.

उरलं ते दुरुस्तीचं काम, आणि ते आम्ही मन लावून करतो. लाल आणि पिवळा हे अंगाने पातळ रंग. खालचा प्रायमर त्यातून डोकावतो. करड्या प्रायमरवर पिवळा मारला की हिरवट झाक येते, म्हणून आधी पांढरा थर द्यावा लागतो. लाल तर आणखी हट्टी. मागे एका लाल फेरारीच्या फेंडरसाठी उस्तादांनी रंग जुळवायला नमुन्याची नऊ कार्डं मारली. प्रत्येक कार्ड सकाळी सातच्या उजेडात दाराशेजारी धरायचं, मग दुपारच्या उन्हात, मग तिरकं. सातवं कार्ड मला पसंत होतं. उस्ताद म्हणाले, "सावलीत विटकरी दिसतंय." खरंच दिसत होतं. नववं लागलं.

पावसाळ्यात वेग निम्मा होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधी झाक येते. हवा कोरडी करणारं यंत्र कर्ज काढून घेतलं, तरी जुलैत काही दिवस आम्ही स्प्रे गन हातात घेत नाही. गिऱ्हाईक रागावतात. रागावू देतो.

मुंबईत गाडी सांभाळायची तर खारा वारा, कबुतरांची विष्ठा आणि बांधकामांची सिमेंटची धूळ, ही तिन्ही रंग खातात. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की काळ्या गाडीवर गोल गोल रेघा उठतात, पांढरीवर त्या लपतात. म्हणून काळी घेणाऱ्याला मी आधी पाण्याची सोय विचारतो, मगच रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मचा विषय काढतो. मॅट रंगाला रबिंग-पॉलिश चालत नाही, एक ओरखडा म्हणजे पूर्ण पॅनल.

आता आम्ही सहा जण आहोत. आलेल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक पॅनलची जाडी मोजून वहीत लिहिली जाते, आधीचे आणि नंतरचे फोटो जोडले जातात आणि त्याची प्रत मालकाला मिळते. काय रंगवलं, का रंगवलं, सगळं त्यात. ही वही आता माझी मुलगी सांभाळते. गेल्या आठवड्यात एक व्यापारी मीटर घेऊन आला, तर तिने त्याच्या हातात आधी वही दिली. त्याने तीन पॅनल मोजले, तिन्ही आकडे जुळले, आणि मीटर खिशात ठेवून तो भावाचं बोलायला बसला.