बदकं आणि डबा टीव्ही

आज दिवसभर जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांच्या मेळाव्यात होतो. पायांचे तुकडे पडलेत, पण मजा आली!

सगळ्यात जास्त झुंबड कुठे, तर डबा टीव्हीपाशी. १९८४ सालच्या ‘डक हंट’ या पडद्यावरची बदकं टिपायच्या गेमची खेळण्यातली बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, की हुकलाच नेम. म्हणून ही मंडळी ती जडशीळ धूडं उचलून आणतात. वेडे लेकाचे!

विकायला ठेवलेली गेमची कॅसेट नकली तर नाही ना, म्हणून जाणकार गिऱ्हाईक ती उघडून आतला बोर्ड बघतं. लेबल काय, कुणीही छापतं. सीलबंद खोकी काचेत ठेवणारे मात्र मला कळत नाहीत. गेम खेळायचा की पूजायचा?