तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच घरातली दोघं

"सख्खी भावंडं ना तुम्ही? मग तू एम.एस्सी. आणि दादा बारावी नापास, असं कसं?" लग्नात, वाड्याच्या जिन्यात, परवा तर डेक्कनच्या बसस्टॉपवर. आणि न विचारलेला प्रश्न: बाबांचं 'ते' दादाकडे गेलं, तू सुटलीस, असंच ना?

नाही. बाबांचं 'ते' म्हणजे स्किझोफ्रेनिया, भास आणि संशयाचा मानसिक आजार. तो १०० जणांत साधारण एकाला होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांपैकी १०० त दहाएकांना. उरलेल्या ९० जणांत दादा आहे. तो कमी बोलतो, एवढंच. आमच्या पेठेत कमी बोलणारा माणूस आजारीच वाटतो लोकांना.

त्याच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री बाबांनी मीटरच्या पेटीतून आमचा फ्यूज काढला. तारांतून कुणी ऐकतंय म्हणून. चिनीमातीचा पांढरा फ्यूज, पायजम्याच्या खिशात, वर हात दाबून धरलेला. दादाने मागितला नाही. हिसकावला तर रात्रभर आरडाओरडा, हे त्याला पाठ होतं. त्याने मेणबत्ती लावली, बाबांनी फुंकली. मग तो त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसला आणि अंधारातच व्याख्या म्हणायला लागला. "अजून हळू," बाबा म्हणाले, "ऐकतायत." पहाटे त्यांचा डोळा लागल्यावर त्याने अलगद फ्यूज काढून आईच्या हातात दिला, तोंड धुतलं आणि पेपरला गेला.

हे मला आईने सांगितलं. मी तेव्हा नववीत, कोथरूडला मावशीकडे. टेबल, दिवा, नऊ वाजता दूध. पोरीला या घरात नको, असं मोठ्यांनी ठरवलं होतं. दादाचं कुणी ठरवलंच नाही. बाबांना आवरायला आईसोबत कुणीतरी हवंच होतं. तेव्हा 'एकाच घरातली' म्हणताना जरा थांबा.

अर्थात वीस वर्षं मीच तुम्हाला सांगत आले, "अहो, जीन्सची वाटणी भावंडांतही वेगवेगळी होते." खोटं नव्हतं. सोयीचं होतं. त्यात मावशीचं टेबल येत नव्हतं.

मग २०१८ चा आइसलंडमधला एक अभ्यास वाचनात आला. आईवडिलांच्या जनुकांतला जो वाटा मुलांकडे आलाच नाही, त्याचाही मुलांच्या शिक्षणाशी संबंध दिसला. आलेल्या वाट्याच्या तुलनेत सुमारे ३० टक्के. आईबाप जसे असतात तसं घर मुलांना मिळतं, त्यातून हे होतं, असं संशोधकांचं म्हणणं. वाचून आधी दादासाठी बरं वाटलं, मग चिडचिड झाली. त्या ३० टक्क्यांत फ्यूज कुठे बसवू? आणि मी घरी राहिले असते तर? पास झालेही असते, हट्टी आहे मी. हट्ट बाबांचाच.

गेल्या दिवाळीत धीर करून दादापाशी त्या रात्रीचा विषय काढला. तो करंजी खात होता.

"फिजिक्स सुटलं होतं गं," तो म्हणाला. "राहिलं ते केमिस्ट्री."